काळे वाटाणे आणि बोर्दोची बाटली

नाशिकहून मुंबईला वाईन घेऊन जाण्यात विशेष काही नाही. आमच्याकडे हल्ली पाहुण्याला निरोप देताना चिवड्याच्या पुड्यासोबत तीही हातात ठेवतात. पण मी निघाले होते ती फ्रान्सची बाटली घेऊन. माझी लेक मीरा तिकडे बोर्दोजवळ नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं ती आणली होती, आणि पुढं महिनाभर फोनवरून बाटलीची चौकशी माझ्या चौकशीच्या आधी चालली होती. आडवी ठेवली आहेस ना? उन्हात नाही ना? मी ती टर्किश टॉवेलात गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली झोपवून ठेवली होती. दादरला जाणाऱ्या भाड्याच्या गाडीत ती तशीच मांडीवर घेऊन बसले.

ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं. "ताई, तेलाची बाटली असंल तर सरळ धरा. गेल्या खेपेला एका मावशींनी माझी सगळी शीट माखवली."

"तेल नाही. औषध आहे."

हे मी उगाच म्हणाले, पण तसं ते खोटंही नव्हतं. बाटली माझ्या मामेभावासाठी होती. आम्ही सगळी आतेमामे भावंडं त्याला भाई म्हणतो. भाईनं उभा जन्म फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात काढला, आणि निवृत्तीनंतर डिलाईल रोडवरच्या घरातून मालवणी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागला. बारसं असो, साखरपुडा असो, लालबाग-परळच्या माणसांना भाईच्या हातचं वाटप (भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण) लागायचं. हॉटेलात असताना तो म्हणायचा, "बाय, साहेबलोकांका ती तांबडी वाईन देतत तेवा वाटता, एकदा आपण पण बसून निवांत पिवया." ते बसणं काही झालं नाही. मग तापाची ती साथ आली. भाई त्यातून उठला, पण त्याचं वास घेणारं नाक काही परत आलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. "वन्सं, येत्या बुधवारी भाचो टेम्पो घेवन येतलो. मोठी पातेली, कढय, झारे सगळा देवन टाकतत. सैपाक करूचो नाय म्हणतत, आणि जेवतत पण नाय धड. तुमी येवन बोला. तुमचा ऐकतत ते."

भाईनं माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. पण वहिनींचा आवाज मला सहन झाला नाही. निवृत्त झाल्यापासून मी एका वायनरीत रविवारच्या चाखण्याच्या वर्गाला जाते. दोन वर्षांत आपल्याला त्यातलं सगळं कळतं असा माझा समज झाला होता. मी ठरवलं, बोलायचं काहीच नाही. ही बाटली भाईसमोर उघडायची आणि तिच्या जोडीला काय खावं ते त्यालाच विचारायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या जिभेचा विचार केलेला माणूस तेवढ्यानं तरी हलेल.

दादरला उतरले तेव्हा रविवारची सकाळ होती. फुलबाजारातून शेवंतीचे भारे डोक्यावर घेतलेली माणसं "बाजू, बाजू" करत येत होती. सोबत पिशवीभर भाजी घेतली, एक शहाळं प्यायले आणि टॅक्सी केली. पुलावरून खाली उतरलं की दोन्ही बाजूंना जुन्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे दिसतात. त्यांच्या मध्ये अजून एखादी चिमणी तग धरून आहे. भाईची चाळही गेली. तिच्या जागी उंच इमारत झाली आणि भाई अठराव्या मजल्यावर गेला. घर लख्ख, लादी गुळगुळीत, गॅलरीत पातेल्यांची उतरंड, आणि त्यांच्यावर जुनी चादर.

"इलंस गो बाय?" भाई म्हणाला. तो खुर्चीतून उठला नाही. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. या माणसानं एकेकाळी माझ्या लग्नात एका हातानं पिठाची परात उचलली होती.

मी टॉवेल सोडला. बाटलीवरचा कागद वाचताना त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. "बोर्दो," तो म्हणाला, अगदी हॉटेलातल्यासारखा सफाईदार. मग बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "माका कित्याक? नाक नाय त्येका अत्तर."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी पटकन विषय बदलला. "ग्लास आहेत का रे, बरे काचेचे?"

घरात स्टीलचे होते, आणि लग्नात आलेले फुलाफुलांचे सरबताचे होते. तेवढ्यात भाई म्हणाला, की गिरगावात आग्नेलकडे असतील. आग्नेल त्याच्याच हॉटेलात टेबलं सांभाळायचा. मी पडत्या फळाची आज्ञा समजून त्याला चपला घालायला लावल्या. निघताना मागून वहिनींनी विचारलं, "ह्या बाटलीचा काय करू? फ्रिजमधी ठेवू?" मी हो म्हणाले. ही चूक नंतर भोवली.

गिरगावातली ती वाडी मला फार आवडते. लाकडी जिन्यांची बसकी घरं, दारात तुळस नाहीतर क्रूस, आणि कोपऱ्यावरच्या काकूंना आल्यागेल्याची सगळी खबर. आग्नेलचं घर एका बोळाच्या टोकाला आहे. माणूस उंच, वाकलेला, अजूनही शर्टाचं वरचं बटण लावणारा.

"अरे भाई! किती वर्सांनी रे! बस, बस. रीटा, बघ कोण आलाय!"

ग्लास लगेच निघाले. उंच दांडीचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पण आग्नेल सोडतो कुठे? त्यानं आतून गडद काचेची मसाल्याची बाटली आणली. त्यांच्यात उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून असा बाटल्यांत दाबून भरतात. पूर्वी या दोघांचा एक खेळ असायचा. आग्नेल बाटली उघडायचा आणि भाई नुसत्या वासावरून सांगायचा, यंदा रीटाच्या हातून काय जास्त पडलं.

"चल, सांग. ह्या वर्साला काय जास्ती झालाय?"

भाईनं बाटली नाकाशी धरली. डोळे मिटले. "वा," तो म्हणाला. "वा, आग्नेल. दालचिनी. दालचिनी वर आलीय."

आग्नेल हसला नाही. त्यानं बाटली हळूच परत घेतली, झाकण लावलं आणि म्हणाला, "बरोबर. दालचिनीच." आतल्या खोलीच्या दारात उभी असलेली रीटा नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की दालचिनी नव्हती. निघताना आग्नेलनं भाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आम्ही बोळातून बाहेर आलो.

"त्येका कळला," भाई म्हणाला.

"हो."

"मगे तो बोललो कसो नाय?"

"मित्र आहे म्हणून," मी म्हणाले.

येताना लालबागला उतरलो. वहिनींनी मसाला सांगितला होता. मसाल्याच्या त्या गल्लीत शिरलं की नवखा माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो आधी शिंकतो. गिरणीत मिरची कुटली जात होती. मला एक सोडून चार शिंका आल्या. बघते तर भाईला ठसका लागलेला, डोळ्यांतून पाणी. मी आनंदानं ओरडलेच, "भाई, तुला येतोय वास!"

त्यानं डोळे पुसले. "वास नाय गो. नुसती मिरची. ही मिरची नाकात चावता, पण तिचो वास येणा नाय. डॉक्टर म्हणता ह्या वेगळा, ता वेगळा." मग पुढं चालता चालता त्यानं मला ते सांगितलं, जे वहिनींनी फोनवर गाळलं होतं. शेवटची मोठी ऑर्डर बारशाची होती. खोबरं भाजत होता. वहिनी खाली देवळात गेलेल्या. रंगावर त्याचा कधी भरवसा नव्हताच, त्याचा सगळा हिशेब वासावर. खोबरं करपलं ते त्याला कळलं नाही. "चाळीत असताव तर," तो म्हणाला, "सगळी गॅलरी बोंबाललेली असती, भाई, जळता, जळता! हय सगळ्यांची दारां बंद." पाहुणे चांगले होते. कुणी काही बोललं नाही. पण पातेली भरलेलीच परत आली. त्यानंतर त्यानं कढईला हात लावला नाही.

घरी आलो तर वहिनींनी घाट घातला होता. नणंद माहेरी आली म्हटल्यावर तळलेले बांगडे आणि कोंबडी-वडे. मीरानं बजावलं होतं, मांस असेल तर साधं, फार तिखट नको, मासे तर नकोतच. पण हे वहिनींना सांगायची माझी काय टाप! बाटली फ्रिजमधून काढली तर दगडासारखी गार, आणि वर बांगड्याच्या डब्याला टेकून ठेवलेली. बूच काढून तिला तासभर तशीच उघडी ठेवली.

मग मी वर्गात शिकले तसं सुरू केलं. ग्लास उजेडाला धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं. "काळ्या मनुका," मी म्हणाले. "पिकलेली चेरी. थोडं लाकूड. तंबाखूची पानं. आणि पावसाळ्यातली..."

"बाय," भाई म्हणाला, "नाकान कांदे सोलू नको."

मी हसले. पण तो हसत नव्हता. "तू काय बोलतंस? वास, वास, वास. जिबेसाठी कायच नाय हिच्यात? मगे माझ्यापुढ्यात आणलंस कित्याक? माका दाखवूक, की बघ, ही मजा तुझ्यासाठी संपली?"

वहिनींच्या हातातला वडा तसाच राहिला. मला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला. त्याच्यावर नाही, माझ्याच त्या मनुका-चेरीवर. एवढे मैल बाटली मांडीवर घेऊन आले ती ह्यासाठी? मी म्हटलं, "चुकलं माझं. आधी जेवू या."

जेवण मात्र फसलं. बांगड्याचा घास आणि वर वाईनचा घोट घेतला, तर तोंडात गंजका खिळा चोखल्यासारखं झालं. मी तोंड वाकडं केलं. भाईनं तोच घास, तोच घोट घेतला आणि खांदे उडवले. "माका काय नाय." त्याही परिस्थितीत वहिनींना हसू फुटलं. कोंबडीनं तर आगीतून फुफाट्यात टाकलं. मालवणी तिखटावर ती वाईन म्हणजे जखमेवर मीठ, जीभ पेटली. ही मात्र भाईलाही लागली. त्यानं ग्लास बाजूला सारला आणि तो अर्ध्या पानावरून उठला. बाटली अर्धी शिल्लक होती. मी बूच उलटं दाबून बसवलं.

दुपार झाली. वहिनी आडव्या झाल्या. मी गॅलरीतल्या त्या चादरीकडे पाठ करून बसले होते आणि मनात परतीची गाडी ठरवत होते. भाई खिडकीशी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होता. माझ्या आजोळची ती सवय त्यानं अजून सोडलेली नाही. एक खांड तोंडात टाकून चघळता चघळता तो एकदम थांबला.

"बाय. ती तुझी वाईन लागता तशी ही लागता."

"कशी?"

"अशी. जीब ओढून धरता. गालफडां सुकतत." त्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "तुरट."

तुरट! दोन वर्षं मी वर्गात बसून इंग्रजीतून याच गोष्टीवर वही भरली होती, आणि हा साधा शब्द मला आठवला नव्हता. आपल्याकडे सहा चवींत तुरटाला मानानं जागा आहे. आवळा, जांभूळ, सुपारी. आणि तुरट कळायला नाक लागत नाही. ते जिभेचं काम, गालांचं काम. मी जवळजवळ किंचाळलेच. "भाई, तिच्यात तुझ्यासाठी हेच आहे! हा तुरटपणाच तर त्या वाईनचा कणा. त्याला सोबत काय द्यायची, एवढाच सगळा प्रश्न असतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "सुपारी लागली की आये काय देय?"

सुपारी लागणं म्हणजे काय हे आमच्या कोकणातल्या पोराटोरांना सांगावं लागत नाही. कच्ची सुपारी जास्त झाली की घसा आवळतो, कानशिलं तापतात, गरगरायला लागतं. मामीकडे त्याच्यावर एकच औषध होतं.

"खोबरं," मी म्हणाले.

"खोबरा!" भाई उठून उभा राहिला. "खोबऱ्याचा तेल जिबेवर बसता आणि जीब सुटता. मटणाची चरबी पण ताच करीत. साहेबलोक म्हणानच मटणाबरोबर पियत. नले! उद्या काय करतंस?"

आतून वहिनींचा झोपाळू आवाज आला. "उद्या सोमवार. मटण-मच्छी कायएक नाय हां."

सोमवारचा त्यांचा नेम मी विसरलेच होते. आली का पंचाईत! पण भाई आता थांबणारा नव्हता. तो खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागला. "काळे वाटाणे. काळ्या वाटाण्याचा सांबारा (वाटप लावलेली दाट आमटी). वाटप जास्त, तिखट अर्ध्यावर. आणि सोलां (कोकमाची सालं) नको. आंबट तुझ्या बाटलीत हाय, मगे सोलां कित्याक?" तो हे माझ्याशी बोलत नव्हता. पूर्वी ऑर्डर आली की तो असाच स्वतःशी बडबडत फिरायचा. दारात उभ्या राहिलेल्या वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग त्यांनी डब्यातून काळे वाटाणे काढले, निवडले आणि भिजत घातले. आंबोळ्यांसाठी तांदूळ-उडीदही भिजले.

"पण वहिनी," मी घाबरत विचारलं, "सोमवारी वाईन चालेल तुमच्या घरात?"

वहिनींनी विचार केला. "द्राक्षांची ना?"

"हो."

"मगे ता फळच."

सोमवारी सकाळी भाईनं दाढी केली. वाटाणे उकडून ठेवले होते. त्यानं गॅलरीतली चादर उचलली, खालून लोखंडी कढई काढली आणि ओट्याशी उभा राहिला. वहिनी सवयीनं बाजूला झाल्या. भाईच्या स्वयंपाकात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. तो कढईशी असला की त्यांना "तू हयसून सर" एवढंच ऐकू यायचं, आणि त्या खोबरं किसून देऊन निघून जायच्या. आजही खोबऱ्याची परात ठेवून त्या दाराकडे वळल्या.

कांदा आधी पडला. तो सोपा होता. आवाजावरून, मऊपणावरून त्याला कळत होतं. मग खोबरं. भाई झाऱ्यानं ते सारखं परतत होता. किसाच्या कडा पिवळसर झाल्या, मग तांबूस. स्वयंपाकघर त्या वासानं भरून गेलं. मी दाराशी उभी होते. तो वास त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हता हे मला दिसत होतं. तो चिमटीत थोडं घेऊन चाखत होता. कढईवर वाकून रंग बघत होता, मान तिरकी करून पुन्हा बघत होता. मला वाटलं, आता हा गॅस बंद करणार आणि परत खुर्चीत जाऊन बसणार. मी सांगू का, असं माझ्या ओठांवर आलं. पण ते मी सांगून चालणार नव्हतं.

त्यानं गॅस बंद केला नाही, बारीक केला.

"नले," तो म्हणाला. वळला नाही. "हय ये."

वहिनी दारातच थबकल्या.

"ये गो. वास घे. झाला काय ता सांग."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नसेल. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि त्या ओट्याशी गेल्या. कढईवर वाकल्या. "नाय. अजून थोडा."

तो परतत राहिला. त्या शेजारी उभ्या राहिल्या, डोळे मिटून. दोघांचे खांदे एकमेकांना लागले होते.

"आता?"

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हणतंय ना!" वहिनी ओरडल्या. भाईवर ओरडलेल्या वहिनी मी पहिल्यांदा ऐकल्या. आणि मग, "आता! काढा, काढा, काढा!"

त्यानं कढई एका झटक्यात उतरवली. मी डोळे पुसायला गॅलरीत गेले. कांद्यानं पाणी आलं म्हणाले, तर वहिनी म्हणाल्या, "कांदो कधीच भाजून झालो, वन्सं."

बाटली रात्रभरात थोडी निवळली होती. उघड्या हवेनं तिचा तोरा उतरला होता. या खेपेला ती फक्त माठाशेजारी गारव्याला ठेवली. पानात आंबोळी, वर काळ्या वाटाण्याचं दाट, जवळजवळ काळं सांबारं. मी या वेळी ग्लासात नाक घातलं नाही, तेवढी अक्कल आली होती. भाईनं आधी वाईनचा घोट घेतला आणि तोंडात धरला. गाल आत ओढले गेले. मग आंबोळीचा घास, भरपूर वाटप लावून. चावला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"सुटली," तो म्हणाला.

"काय?"

"जीब." त्यानं पुन्हा घोट घेतला, पुन्हा घास. "ओढता आणि सुटता. ओढता आणि सुटता. मीठ वायच हवा." त्यानं मीठ घेतलं आणि मान डोलावली. चव आली असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. मला मात्र सगळंच मिळत होतं. भाजक्या खोबऱ्याचा तो खमंग धूर, वाटाण्यांचा मातकट गोडवा आणि त्यामागून येणारी ती द्राक्षं. एकमेकांत अशी मिसळली होती की बोर्दोतल्या कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मी त्याला यातलं काही वर्णन करून सांगितलं नाही. पण तोच म्हणाला, "तुझा ता मनुका-बिनुका सांग बघू आता. पाठ करून ठेवतंय. गिऱ्हाईकांका सांगूक व्हया." वहिनींनी त्याच्या ग्लासातून एक घोट घेतला, तोंड आंबट केलं, एक घास खाल्ला आणि दुसरा घोट मागितला. भाईनं तिसरी आंबोळी घेतली. पान पुसून घेतलं.

दुपारच्या गाडीनं परतले. कसारा घाट चढताना थंड वारा लागला आणि मांडी मोकळी मोकळी वाटत होती. भाईचं नाक काही परत आलेलं नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. त्या बाटलीनं काही चमत्कार केला असं मी मीराला सांगणार नव्हते. पण मी दोन वर्षं नाकानं शिकत होते. आणि आमच्या भाईला, सगळ्या लालबाग-परळला जेवू घातलेल्या माणसाला, "मला कळत नाही, तू सांग" एवढं म्हणायला किती कष्ट पडले ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बुधवारी मी दिवसभर फोनकडे बघत होते. संध्याकाळी न राहवून मीच लावला. मागं कढईचा खणखणाट चालू होता.

"वहिनी, टेम्पो आला होता?"

"इललो ना. दोन मोठी पातेली नेल्यान. येवढी मोठी पंगत आता आमका दोघांका झेपूची नाय. बाकीचा ह्येंनी ठेवन घेतला." मग त्यांचा सूर चढला. "पण वन्सं, तुमका काय सांगू! तळमजल्यावरच्यांकडे उद्या केळवण हा, वीस पानां. सकाळपासून माका ओट्याकडसून हलूक देणत नाय. घडीघडी आपला, नले, वास घे, नले, वास घे. धुणा तसाच पडलाहा. देवाक फुला वाहूक पण वेळ गावलो नाय."

"मग सांगा ना त्याला, मला जमणार नाही म्हणून."

"सांगतंय कशाक?" वहिनी म्हणाल्या, आणि एवढा आनंदी आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात मागून भाईची हाक आली, "नले!" आणि फोन ठेवते असंही न म्हणता त्या धावल्या.